रस्त्यावरच्या तपासणीसाठी ट्रक तयार ठेवताना: बेळगाव सीमाभागातल्या गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर या पट्ट्यातला गाडीमालक एकाच आठवड्यात तीन राज्यांत गाडी पाठवतो. आज कोल्हापूरला कास्टिंग, उद्या गोव्याला भाजी, परवा कारखान्याला ऊस. त्यामुळे तपासणीसुद्धा तीन राज्यांची होते. दोन गाड्यांपासून वीस-पंचवीस गाड्यांपर्यंतचे मालक आणि त्यांचे सुपरवायझर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. दंडाचे आकडे मोटार वाहन कायद्यातले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने ते वाढले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. काही गुन्ह्यांत जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं. म्हणून राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच चुकीची पावती वेगवेगळ्या रकमेची असू शकते.

गाडी थांबवून तपासायचा अधिकार कोणाला आहे?

गणवेशातला पोलीस अधिकारी आणि परिवहन खात्याचा मोटार वाहन निरीक्षक. लायसन्स, आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र), विमा, फिटनेस (गाडी रस्त्यावर धावायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र), परमिट आणि पीयूसी मागितल्यावर दाखवणं हे चालकाचं कर्तव्य आहे. वजनाचा संशय आला तर निरीक्षक गाडी वजनकाट्यावर न्यायला सांगू शकतो. काटा पुढच्या वाटेपासून दहा किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत असावा, असं कलम ११४ सांगतं. मालाची कागदपत्रं, म्हणजे बिल, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), ई-वे बिल (जीएसटीचा मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद), जीएसटीचे अधिकारीही तपासतात. ते खातं वेगळं आणि त्याचा कायदाही वेगळा. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा विक्रीकराचे नाके उठले, पण त्यांची फिरती पथकं रस्त्यावर असतातच.

मूळ कागद गाडीत ठेवायचे की मोबाईलवर दाखवले तरी चालतात?

मोबाईलवर चालतात. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधले कागद मूळ कागदांइतकेच ग्राह्य आहेत, केंद्रीय मोटार वाहन नियमांतच तसं म्हटलं आहे. मात्र व्हॉट्सॲपवर पाठवलेला आरसीचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. ही गल्लत आपल्याकडे फार होते. मालकाच्या फोनमध्ये ॲप असतं, चालकाच्या फोनमध्ये नुसता फोटो असतो, आणि अनमोड घाटात रेंज नसते.

म्हणून प्रत्येक गाडीत प्लास्टिकची एक फाईल हवीच. आरसी, फिटनेस, परमिट आणि नॅशनल परमिटचं ऑथोरायझेशन, विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती या सगळ्यांच्या स्वच्छ झेरॉक्स एकाच क्रमाने लावाव्यात. फाईलच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून प्रत्येक कागदाची संपायची तारीख ठळक लिहावी. ती तारीख चालकालाही वाचता आली पाहिजे. एरवी "विमा कधी संपतो?" असं विचारलं की चालक म्हणतो, "ते मालकांना ठाऊक." नाक्यावर हे उत्तर उपयोगाचं नाही.

कोणता कागद किती दिवस चालतो?

नव्या मालवाहू गाडीचं फिटनेस दोन वर्षांचं. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. बीएस-४ (धुराचं मानक) आणि त्यापुढच्या गाडीची पीयूसी एक वर्षाची, त्याआधीच्या गाडीची सहा महिन्यांची. अवजड वाहनाचं लायसन्स पाच वर्षांचं असतं. धोकादायक माल नेणाऱ्या चालकाची परवानगी तीन वर्षांची.

फिटनेस संपलेली गाडी कायद्याच्या नजरेत नोंदणी नसलेल्या गाडीसारखीच असते. पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा सापडली तर दहा हजारांपर्यंत आणि वर कैदेचीही तरतूद. परमिट नसेल तर दहा हजार आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण खरा फटका अपघात झाल्यावर बसतो. परमिट नसलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, अशी वाट सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कंपन्यांना मोकळी करून दिली. मृत्यूच्या दाव्याची रक्कम मालकाच्या घरादारावर येते. दहा हजारांच्या दंडाची भीती वाटते आणि याची वाटत नाही, हे बदलायला हवं.

नॅशनल परमिट नसेल तर कोल्हापूर किंवा गोव्याला गाडी पाठवता येते का?

फक्त राज्यापुरतं परमिट असेल तर सीमा ओलांडता येत नाही. निपाणीहून कागल हाकेच्या अंतरावर असलं तरी कायद्याला ते दुसरं राज्य. नॅशनल परमिटच्या ऑथोरायझेशनची वार्षिक एकत्रित फी १६,५०० रुपये आहे, आणि त्यात इतर राज्यांचा कर येतो. दोन ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या दोन आडव्या दांड्यांच्या, गाडीला बारा वर्षं वयापर्यंतच नॅशनल परमिट मिळतं, त्याहून जास्त ॲक्सलच्या म्हणजे मल्टी-ॲक्सल गाडीला पंधरा वर्षांपर्यंत. गाडी बाराव्या वर्षाकडे आली की तिला सीमेपलीकडच्या कामावरून काढून जवळच्या फेऱ्यांवर लावायचं नियोजन सहा महिने आधीच करावं. गाडीच्या पुढे-मागे 'नॅशनल परमिट' किंवा 'एन.पी.' ही अक्षरं पुसट झाली असतील तर पेंटरकडून रंगवून घ्या, तेवढ्यावरूनही गाडी अडते.

एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असलेल्या छोट्या मालवाहू गाड्यांना परमिट लागत नाही. बाकी सगळे कागद मात्र लागतात.

छोट्या टेम्पोवर साध्या लायसन्सचा चालक चालतो का?

चालतो, गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलं. हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेल्याला तेवढ्या वजनाच्या व्यावसायिक गाडीसाठी वेगळा शेरा लागत नाही. त्यापुढे अवजड वाहनाचं लायसन्स हवंच. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर चालकाला वेगळा आणि मालकाला वेगळा पाच हजारांचा दंड आहे. क्लीनरला "जरा यार्डात मागे घे" म्हणून चावी द्यायची आणि त्याने तीच गाडी पेट्रोल पंपापर्यंत न्यायची, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. तो थांबवा.

वजन किती चालतं? २०१८ मध्ये वाढवलं ना?

वाढवलं. जुलै २०१८ च्या अधिसूचनेने दोन ॲक्सलच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ झाली आणि तीन ॲक्सलची २५ वरून २८.५. पण तुमच्या गाडीला लागू होतो तो तुमच्या आरसीवर छापलेला आकडा. त्याआधी नोंदवलेल्या गाडीच्या आरसीवर जुना आकडा असेल तर काट्यावर तोच धरला जातो. बाजूच्या गाडीवर किती माल चढला ते पाहून आपण चढवायचा नाही.

दंडाचा हिशेब उदाहरण घेऊन करू. आरसीवर २८.५ टन आहे, काट्यावर ३२.५ भरले. चार टन जादा. २०,००० रुपये सरळ, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० म्हणजे ८,०००. एकूण २८,००० आणि जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. माल उतरवेपर्यंत गाडी हलू देत नाहीत, आणि उतरवलेल्या मालाची जोखीम मालकाची असते. संकेश्वरच्या रस्त्याकडेला उघड्यावर पडलेला चार टन माल राखत बसायला माणूस कुठून आणणार? काट्यावर जायला नकार देऊन चालकाने गाडी दामटली तर ४०,००० रुपये. जादा वजनाचा दंड गाडी चालवणाऱ्याला आणि चालवायला लावणाऱ्याला, दोघांनाही लागतो.

माल गाडीच्या बाहेर आला, बाजूला, मागे किंवा उंचीला, तर वजन मर्यादेत असूनही २०,००० रुपये वेगळे आहेत. लोखंडी सळ्या हौद्याबाहेर लोंबत नेण्याची सवलत २०१४ मध्येच गेली. मागे लाल कापड बांधलं म्हणजे भागलं, हा जुना समज अजून टिकून आहे आणि त्याने रात्रीच्या अंधारात दुचाकीवाल्यांचे जीव घेतले आहेत.

बेळगावातल्या उद्यमबागच्या फाउंड्रीतून निघणाऱ्या कास्टिंगबद्दल एक खास सूचना. कास्टिंग जड असतं पण जागा कमी घेतं. हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि लोड करणारा म्हणतो, "अजून दोन पेट्या बसतील की." बसतील, पण मागच्या ॲक्सलवरचं वजन मर्यादेपलीकडे गेलेलं असेल. एकूण वजन बरोबर असलं तरी ते प्रत्येक ॲक्सलच्या मर्यादेत वाटलं गेलं पाहिजे. कारखान्याच्या काट्याची पावती गाडीच्या फाईलमध्ये ठेवा. रस्त्यावर वाद झाला तर दाखवायला तेवढं तरी हाती असतं.

गाडी काढण्यापूर्वी नेमकं काय तपासायचं?

या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. नाक्यावर अधिकारी जे पाहतो ते आदल्या रात्री यार्डात पाहता येतं. उजेडात, घाई नसताना आणि फुकट.

सुरुवात ब्रेकपासून. गाडी सुरू करण्यापूर्वी हवेच्या टाकीखालचा ड्रेन कॉक उघडा. नुसतं पाणी आलं तर ठीक, पावसाळ्यात येतंच. पण दुधाळ, चिकट, तेलमिश्रित पाणी आलं तर कंप्रेसर तेल फेकतोय. ते तेल व्हॉल्व्हचं रबर खातं, आणि एक दिवस घाटात ब्रेक उशिरा लागतो. नंतर कॉक बंद करून गाडी सुरू करा, हवेचा दाब पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा आणि ब्रेकच्या पेडलवर पाय दाबून ठेवा. एक मिनिट केबिनमधल्या हवेच्या दाबाच्या काट्याकडे लक्ष ठेवा. काटा खाली सरकत राहिला तर हवा गळतेय. त्या वेळी क्लीनरने गाडीभोवती फिरून कान लावायचा. सूं असा आवाज बहुतेक वेळा मागच्या ब्रेक चेंबरच्या पाईपकडून किंवा टी-जॉइंटकडून येतो. इंजिन चालू असताना तो आवाज लपतो, म्हणून इंजिन बंद करूनच ऐकायचा.

मग टायर. मोटारीला आणि ट्रकला टायरच्या खाचेची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, असा नियम आहे. माप नसेल तरी टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय ही खूण पाहा. तिच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी एक उंचवटा असतो. रबर झिजून त्या उंचवट्याला टेकलं की टायर बाद. मागच्या जोडचाकांत आतला टायर कोणी पाहत नाही. टॉमीने (लोखंडी पहारीने) दोन्ही टायर ठोका. बाहेरचा ठणठणीत वाजला आणि आतला बद्द आला तर आतल्यात हवा कमी आहे, म्हणजे सगळा भार बाहेरच्यावर येतोय. दोन टायरांमध्ये खडी अडकली असेल तर ती काढूनच निघा. रबर चढवलेला टायर पुढच्या चाकाला लावू नका. पुढचा फुटला की स्टेअरिंग हातात राहत नाही.

चाकाच्या नटांकडे पाहताना गंजाचे ओघळ शोधा. नटाच्या मुळापासून तांबूस रेघ खाली उतरलेली दिसली तर तो नट ढिला होऊन हलतोय. स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये तुटलेलं पान आहे का, यू-बोल्ट घट्ट आहे का, सेंटर बोल्ट सरकलाय का, हे टॉर्च घेऊन खाली वाकून पाहायचं. स्टेअरिंगला मोकळी खेळ जास्त वाटली तर टाय रॉडचे एंड आणि किंग पिन मिस्त्रीला दाखवल्याशिवाय गाडी काढायची नाही.

दिवे शेवटी. हेडलाईट, इंडिकेटर, ब्रेकलाईट, मागचे पार्किंगचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा. वायपर आणि हॉर्नही. हे एकट्याला तपासता येत नाही. एकाने केबिनमध्ये बसायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून ओरडायचं.

रिफ्लेक्टर टेप, मागचा बंपर, साईड गार्ड, नंबरप्लेट यांचं काय?

टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल. ती मान्यताप्राप्त असावी. चौकात मिळणारी नुसती चमकणारी पट्टी फिटनेसला चालत नाही आणि रस्त्यावरही नाही. मागचा आणि बाजूचा गार्ड लोक वजन वाचवायला किंवा रॅम्पला घासतो म्हणून काढून टाकतात. धडकलेली मोटार ट्रकखाली घुसू नये म्हणून तो असतो, हे चालकाला एकदा नीट समजावून सांगा, मग तो स्वतःच काढू देणार नाही. नंबरप्लेट उच्च सुरक्षा असलेली आणि व्यावसायिक गाडीसाठी पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. ज्या गाड्यांना वेगनियंत्रक लागतो त्यांचा वेग साधारणपणे ताशी ८० किलोमीटरवर बांधलेला असतो, डंपर आणि टँकरचा ६० वर. त्याचं सील तुटलं असेल तर पासिंगच्या, म्हणजे फिटनेस तपासणीच्या, वेळी अडचण ठरलेली.

पावसाळ्यात आणि घाटरस्त्यावर वेगळं काही बघावं लागतं का?

खानापूर-लोंढ्याकडची तांबडी माती ओली झाली की मागच्या दिव्यांवर आणि टेपवर जाड थर बसतो. दिवा पेटलेला असतो पण मागून दिसत नाही, आणि अधिकाऱ्याच्या लेखी तो बंदच. दर थांब्यावर ओल्या फडक्याने पुसायला दोन मिनिटं लागतात. अंबोली, चोर्ला आणि अनमोड या तिन्ही वाटांवर पाऊस आणि धुकं मुबलक. वायपरचं रबर जूनच्या आधी बदला, ताडपत्रीचे दोर तपासा, आणि उतरताना गियरमध्ये आणि एक्झॉस्ट ब्रेकवर उतरायचं हे नव्या चालकाकडून एकदा करून घ्या. सतत पायाचा ब्रेक वापरून ड्रम तापले की घाटाच्या मध्यावर ब्रेक नाहीसे होतात. पावसाळ्यात घाटातून जड वाहनांना बंदी घालणारे जिल्हा प्रशासनाचे आदेश निघतात आणि बदलतात. निघायच्या दिवशी चौकशी करूनच वाट ठरवा.

ऊस हंगामात तपासणी कडक का होते?

कारण हंगामात धोका खराच वाढतो. गाडीच्या दोन्ही अंगांनी उसाचे वाढे (हिरवे शेंडे) बाहेर येतात आणि मागचे दिवे, टेप, नंबर सगळं झाकतात. चिक्कोडी आणि अथणी भागातल्या रात्रीच्या रस्त्यावर असा ट्रक किंवा ट्रॉली उभी असेल तर मागून येणाऱ्याला अंधारात काळी भिंतच दिसते. ऊस भरून झाला की बाजूचे वाढे छाटा आणि मागे लाल रिफ्लेक्टरची फळी वेगळी बांधा. गाडी बंद पडली तर चेतावणीचा त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवा, दगड ठेवू नका. गाडी निघते आणि दगड रस्त्यावरच राहतो.

टँकर किंवा रसायनं नेणाऱ्या गाडीला जास्त काय लागतं?

चालकाकडे धोकादायक मालाचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तसा शेरा. मालाची माहिती देणारं ट्रेम कार्ड केबिनमध्ये, चालकाला वाचता येईल अशा भाषेत. गाडीवर मालाचा वर्ग आणि आपत्कालीन माहितीची पाटी. चालू स्थितीतली अग्निशामक नळकांडी. माल उतरवल्यावर पाटी तशीच ठेवून दुसरा माल भरायचा नाही.

ई-वे बिलाची मुदत रस्त्यात संपली तर?

पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं, आणि दर दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी बंद पडून मुदत संपत आली तर संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत मुदतवाढ घेता येते. माल दुसऱ्या गाडीत भरला तर ई-वे बिलाच्या भाग-ब मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकल्याशिवाय गाडी हलवू नका. हे काम ऑफिसमधल्या माणसाचं, पण बंद पडल्याचा फोन चालकाने लगेच करायला हवा.

चालकाच्या कामाच्या तासांबद्दल नियम आहे का?

आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस अशी मर्यादा होती. सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांतीही त्यात होती. बेळगाव ते मुंबई एका दमात मारून लगेच परतीचं भाडं घेणारा चालक या हिशेबात बसत नाही. डुलकी काढणारा चालक कोणताही अधिकारी रस्त्यावर पकडत नाही. त्याला मालकानेच पकडलं पाहिजे, आणि तेही भाडं स्वीकारण्यापूर्वी.

चालक म्हणतो ब्रेक ओढतोय, आणि माल मागवणारी पार्टी म्हणते आजच माल हवा. काय करायचं?

गाडी थांबवायची. यावर दुमत असू नये. "मालक, डावीकडे ब्रेक थोडा ओढतोय," असं चालक सांगतो आणि "आल्यावर बघू, माल उतरवून ये आधी," असं उत्तर मिळतं, तेव्हा तो चालक पुढच्या वेळी काहीच सांगत नाही. मग तपासणीची वही रोज भरली जाते, सगळीकडे बरोबरच्या खुणा असतात आणि गाडी तशीच असते. ज्या यार्डात चालकाला "ही गाडी मी काढणार नाही" असं म्हणता येतं आणि त्याचा भत्ता त्या दिवशी कापला जात नाही, तिथली वही खरी असते. दोष लिहिणाऱ्याला बोलणी खावी लागणार नाहीत एवढं करा. बेळगावच्या ऑटोनगरात मिस्त्री मिळतात, सुटे भाग मिळतात, बहुतेक दुरुस्त्या एका दिवसात होतात.

वही साधी असावी. एका गाडीला एक पान, दोष कोणी सांगितला, कोणी दुरुस्त केला, कोणता भाग बदलला आणि दोघांची सही. तीच वही फिटनेसच्या आधी काढून वाचली की पासिंगला काय अडेल ते कळतं.

तपासणी चालू असताना चालकाने कसं वागायचं?

गाडी डावीकडे पूर्ण बाहेर घ्यायची, इंजिन बंद, पार्किंगचे दिवे चालू, आणि फाईल हातात घेऊन खाली उतरायचं. सीटबेल्ट गाडी थांबेपर्यंत लावलेला. चार वाक्यं कन्नड येत असेल तर बरं, नसेल तर मराठी-हिंदीत शांतपणे बोललं तरी काम होतं, या पट्ट्यात बहुतेकांना दोन-तीन भाषा समजतात. वाद घालायचा नाही, फोन कानाला लावून "साहेबांशी बोला" म्हणायचं नाही. अधिकाऱ्याने कागद जप्त केला तर त्याची पावती मागायची, ती मिळायलाच हवी. आणि पावतीशिवाय पैसे द्यायचे नाहीत, ही सूचना मालकाने चालकाला स्वतः द्यावी. चालक आपल्या खिशातून देतो ते बहुतेक वेळा मालकाने तसं सुचवल्यामुळेच.

ई-चलन चुकीचं आलं तर?

आधी परिवहनच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून फोटो पाहा. दुसऱ्या गाडीचा नंबर चुकून आपल्या नावावर चढल्याचं फोटोत दिसलं तर तिथेच तक्रार नोंदवता येते. सोबत त्या दिवशीची बिल्टी, टोलची फास्टॅग नोंद आणि काट्याची पावती जोडा. गाडी त्या वेळी हत्तरगीच्या टोलवर होती हे फास्टॅगच्या वेळेवरून सिद्ध होतं. चलन बरोबर असेल तर भरून टाका. थकलेली चलनं फिटनेसच्या, परमिटच्या किंवा गाडी विकायच्या वेळी एकदम समोर येतात, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या गाड्यांचे नंबर एकदा तपासायचं काम ऑफिसमधल्या एकाच माणसाकडे द्या.